पंचवीस सालची मंडळी

हॉथॉर्न आणि लाँगफेलो हे दोघे एकाच कॉलेजात, एकाच वर्गात शिकले, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. माझ्या वडिलांच्या पिढीला लाँगफेलो शाळेतच भेटत असे. त्याच्या कविता इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांत असत, आणि त्यांतली एक वडिलांना साठी उलटल्यावरही घडाघडा म्हणता येत असे. हॉथॉर्न मला कॉलेजात भेटला, तोही ‘स्कार्लेट लेटर’ ह्या एका कादंबरीपुरता. एक घरोघर पोचलेला सौम्य कवी, तर दुसरा माणसाच्या मनातल्या अंधारात दिवा न घेता उतरणारा कथाकार. ह्या दोघांची नावे एकाच हजेरीपटावर असतील असे माझ्या स्वप्नातही आले नसते. पण तो हजेरीपट खरोखरीच आहे. त्याचा मागोवा घेता घेता मी त्यातल्या इतर नावांत असा गुंतलो की, मूळचे दोघे क्षणभर बाजूला राहिले. ह्या वर्गातल्या काहीजणांनी एकमेकांना पन्नास-पन्नास वर्षे कसे धरून ठेवले, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

कॉलेजचे नाव बोडन. स्पेलिंगवरून आपण त्याचा काहीही उच्चार करू, परंतु तिथली माणसे ‘बोडन’ म्हणतात, म्हणून आपणही तसेच म्हणू. अमेरिकेच्या अगदी ईशान्येच्या कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. १८२० पर्यंत ते मॅसॅच्युसेट्सचाच एक भाग होते. तिथल्या ब्रन्सविक ह्या गावी, अँड्रोस्कॉगिन नदीच्या काठी, पाइनच्या रानाला लागून हे कॉलेज १८०२ साली सुरू झाले. विद्यार्थी थोडे, इमारती मोजक्या, हिवाळा लांबलचक. १८२१ च्या सुमारास तिथे जायचे म्हणजे घोड्यांच्या प्रवासी गाडीतून हाडे खिळखिळी करून घ्यायची.

त्या वर्षी अशाच एका गाडीत योगायोगाने काही तरुण एकत्र आले. सेलम गावचा, लहानपणीच वडिलांचे छत्र हरपलेला, देखणा आणि अबोल असा नॅथॅनिएल हॉथॉर्न पहिल्या वर्षात दाखल व्हायला निघाला होता. त्याच वर्षात जाणारा जोनाथन सिली हा बोलका, हिशेबी, चारचौघांत पुढे होणारा. एक वर्ष पुढे असलेला फ्रँकलिन पिअर्स हसतमुख, माणसे जोडणारा. गाडीतून उतरेपर्यंत ओळख झालेली होती. कॉलेजात त्यांना होरेशियो ब्रिज हा चौथा गडी मिळाला. ब्रिज खात्यापित्या घरचा आणि मनाचा मोठा होता.

लाँगफेलो ह्या टोळक्यात नव्हता. तो हॉथॉर्नपेक्षा अडीच-तीन वर्षांनी लहान, पोर्टलंडच्या प्रतिष्ठित वकिलाचा मुलगा. वडील कॉलेजच्या विश्वस्तांपैकी. अभ्यासात तो वरच्या चौघांत. कॉलेजात दोन वाङ्मयमंडळे होती आणि दोघांची तोंडे दोन दिशांना. एकात जुन्या वळणाची, सनातनी राजकारणाकडे झुकणारी मुले, त्यांत लाँगफेलो. दुसऱ्यात लोकशाही पक्षाकडे कल असलेली जरा मोकाट मंडळी, त्यांत हॉथॉर्न, ब्रिज, सिली आणि पिअर्स. हॉथॉर्नची गुणवत्ता मध्यम होती. पत्ते खेळल्याबद्दल त्याला दंड झाला आणि प्रिन्सिपॉलसाहेबांचे पत्र त्याच्या आईकडे गेले. वक्तृत्वाच्या तासाचे त्याला भय वाटे. फोटोग्राफी तेव्हा निघालेली नव्हती. निरोपाच्या वेळी मुले काळ्या कागदातून आपल्या चेहऱ्याची बाजू कापून घेत आणि अशा छायाकृतींचा संग्रह वर्गाची आठवण म्हणून राही. हॉथॉर्नने ती कापून घ्यायलाही नकार दिला. पंचवीस सालच्या वर्गाच्या छायाकृतींत लाँगफेलोचे नाक आपल्याला अजून पाहायला मिळते, हॉथॉर्नचे नाही.

ह्या मुलांची एक पैज फार मौजेची आहे. १४ नोव्हेंबर १८२४ रोजी सिलीने आणि हॉथॉर्नने एक करार केला आणि कागद मोहोरबंद करून ब्रिजच्या स्वाधीन केला. आजपासून बारा वर्षांनी, म्हणजे १४ नोव्हेंबर १८३६ रोजी, हॉथॉर्न विवाहित किंवा विधुर नसेल तर सिलीने त्याला उत्तम जुन्या मदीरा मद्याचे एक पिंप द्यायचे. असेल तर पिंप हॉथॉर्नने द्यायचे. (ही मदीरा म्हणजे पोर्तुगिजांच्या मदीरा बेटावरची. आपल्या ‘मदिरा’ शब्दाशी तिचे काही नाते नाही. पण योगायोग असा की ज्याला ठाऊक नाही त्याने शपथेवर नाते सांगावे.) वीस-बावीस वर्षांच्या पोरांना बारा वर्षे म्हणजे अनंतकाळ वाटतो. त्या वयात एक वर्ष गेले तरी जग बदलते. ब्रिजने कागद मात्र जपून ठेवला.

१८२५ च्या सप्टेंबरात पदवीदान झाले. चाळिसाच्या आतबाहेर नव्हे, आतच असलेला तो वर्ग पांगला. लाँगफेलोला त्याच कॉलेजात आधुनिक भाषांचा प्राध्यापक नेमायचे ठरले आणि त्या तयारीसाठी तो तीन वर्षे युरोपात हिंडून आला. पिअर्स आणि सिली वकिलीतून राजकारणात शिरले. ब्रिजही वकील झाला. हॉथॉर्न आपल्या आईच्या घरी, सेलमला परत गेला आणि माडीवरच्या खोलीत बसून लिहू लागला. ते लिहिणे बारा वर्षे चालले. १८२८ मध्ये त्याने स्वतःच्या पैशाने, नाव न घालता एक लहानशी कादंबरी छापली आणि पुढे तिची त्याला इतकी लाज वाटली की हाती येतील तेवढ्या प्रती त्याने नष्ट केल्या. मासिकांत, वार्षिकांत गोष्टी येत होत्या, त्याही निनावी किंवा टोपणनावाने. बत्तिशी उलटलेला, नोकरी नाही, नाव नाही, संसार नाही, असा हा मनुष्य मित्रांना पत्रे लिहू लागला. आणि त्या पत्रांचा सूर दिवसेंदिवस असा होत गेला की ब्रिज घाबरला.

ब्रिजने काय केले? नुसती धीराची पत्रे लिहिली नाहीत. (ती लिहिलीच, पण धीराच्या पत्रांना पोस्टाच्या तिकिटाएवढाच खर्च येतो.) त्याने गुपचूप प्रकाशकाकडच्या माणसाला गाठले आणि हॉथॉर्नच्या गोष्टींचे पुस्तक काढल्यास नुकसानीबद्दल अडीचशे डॉलरची हमी आपण देतो असे कळवले. अट एकच, लेखकाला हे कळता कामा नये. अडीचशे डॉलर ही त्या काळी हलकी रक्कम नव्हे. ‘ट्वाइस-टोल्ड टेल्स’ हे पुस्तक १८३७ च्या मार्चमध्ये हजार प्रतींनी निघाले आणि त्यावर प्रथमच हॉथॉर्नचे नाव छापले गेले.

पुढची गंमत तर एखाद्या नाटकात शोभावी अशी आहे. हॉथॉर्न बिचारा भारावून गेला. आपल्यासारख्या अनोळखी लेखकाचे पुस्तक काढायचे धाडस ज्याने केले, त्या मध्यस्थालाच ते अर्पण करावे असे त्याच्या मनाने घेतले, आणि सल्ला विचारला तो ब्रिजला! ब्रिजची काय पंचाईत झाली असेल! खरे सांगावे तर गुपित फुटते, न सांगावे तर मित्राच्या हातून नको तिथे कृतज्ञता वाहिली जाते. त्याने एवढेच कळवले की, घाई करू नकोस, प्रकाशक व्यवहार पाहूनच पुस्तके काढतात. हमीची ही हकीकत ब्रिजने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत सांगितली आहे. त्या १८९३ साली पुस्तकरूपाने निघाल्या. हॉथॉर्न जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती.

त्याच पुस्तकाची एक प्रत हॉथॉर्नने लाँगफेलोला पाठवली. सोबतच्या पत्रात त्याने मोकळेपणाने म्हटले की, कॉलेजात आपली फारशी ओळख नव्हती. लाँगफेलो तोवर हार्वर्डला प्राध्यापक झालेला, बऱ्यापैकी नावाजलेला. त्या वेळच्या सर्वांत वजनदार नियतकालिकात, ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये, त्याने १८३७ च्या जुलैत त्या पुस्तकाचे भरघोस कौतुक केले. बाराव्या वर्षी ह्या दोघांची खरी ओळख झाली असे म्हणायला हरकत नाही. माझा स्वतःचाही असाच अनुभव आहे. आमच्या वर्गातले सात-आठजण दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी अजून एकत्र जमतो. त्यांतला आज माझा सर्वांत जवळचा जो स्नेही आहे, त्याच्याशी कॉलेजच्या चार वर्षांत मी चार वाक्येही बोललो नव्हतो. एका वर्गात होतो, हा परवाना मात्र तेव्हाच हाती पडलेला असतो. तो केव्हा वापरायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे.

हा परवाना लाँगफेलोच्याही उपयोगी पडला. एकदा हॉथॉर्न आपल्या एका ओळखीच्या धर्मोपदेशकाला घेऊन त्याच्याकडे जेवायला गेला. त्या गृहस्थाने एक गोष्ट सांगितली. १७५५ मध्ये इंग्रजांनी अकेडियातल्या फ्रेंच वस्तीला देशोधडीला लावले, तेव्हा एका तरुणीची आणि तिच्या वराची ताटातूट झाली. ती जन्मभर त्याला शोधत हिंडली. हा मनुष्य किती दिवस हॉथॉर्नच्या मागे लागला होता की, ह्यावर कादंबरी लिही. हॉथॉर्नला ती आपल्या हातची वाटत नव्हती. लाँगफेलोने विचारले, तू लिहिणार नसशील तर मी कविता करू का? हॉथॉर्नने आनंदाने गोष्ट देऊन टाकली. १८४७ मध्ये ‘इव्हँजेलीन’ निघाली आणि लाँगफेलोचे नाव अमेरिकेत घरोघर झाले. हॉथॉर्नने वर्तमानपत्रात तिची स्तुती केली. लेखकांच्या जगात आपले कथाबीज दुसऱ्याला देणे आणि ते फळल्यावर टाळ्या वाजवणे, ह्या दोन्ही गोष्टी किती दुर्मिळ आहेत हे लेखकांना ठाऊक आहे!

पण मी पैजेचे अर्धवट सोडले. १४ नोव्हेंबर १८३६ ला ब्रिजने कागद उघडला. हॉथॉर्न अविवाहित होता, सिली हरला. पुढच्या उन्हाळ्यात हॉथॉर्न काही आठवडे ब्रिजकडे मेनमध्ये राहायला गेला असताना बारा वर्षांनी त्याची आणि सिलीची गाठ पडली. सिली तोवर निवडून येऊन काँग्रेसचा सभासद झाला होता. हॉथॉर्नने आपल्या टिपणवहीत मित्राचे शब्दचित्र काढून ठेवले. त्यात प्रेम आहे आणि कथाकाराची तीक्ष्ण नजरही आहे. मदिरेच्या पिंपाचा हिशेब मांडायची पाळी पुढे आली नाही, कारण वॉशिंग्टनला गेलेला सिली तिथून जिवंत परतला नाही.

त्याचे असे झाले. सभागृहातल्या भाषणात सिलीने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या संपादकावर टीका केली. संपादकाने केंटकीच्या ग्रेव्ह्ज नावाच्या सभासदाहाती जाब विचारणारी चिठ्ठी पाठवली. सिलीने ती घ्यायचे नाकारले. ग्रेव्ह्जला म्हणे त्यात आपला अपमान दिसला! ग्रेव्ह्ज आणि सिली यांचे वैर मुळीच नव्हते. तरीही २४ फेब्रुवारी १८३८ रोजी राजधानीबाहेर मेरीलँडच्या हद्दीत हे दोन लोकप्रतिनिधी बंदुका घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले. पहिल्या दोन फैरी वाया गेल्या. एवढ्यावर प्रकरण मिटवता आले असते. बरोबरच्या शहाण्यांनी ते मिटू दिले नाही. तिसऱ्या फैरीला सिली कोसळला. वय पस्तीस. घरी बायको आणि लहान मुले. पुढच्या वर्षी काँग्रेसने राजधानीच्या जिल्ह्यात द्वंद्वबंदीचा कायदा केला. हॉथॉर्नने आपल्या मित्रावर एक चरित्रलेख लिहिला. 

ब्रिजची वडिलोपार्जित मालमत्ता केनेबेक नदीवरच्या एका धरणाच्या व्यवहारात बुडाली आणि त्याने नौदलात कोठीवाल्याची नोकरी धरली. दैवाचे फासे असे उलटे पडल्यावर मदत करण्याची पाळी हॉथॉर्नची आली. गुलामांच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी अमेरिकेचे एक आरमारी पथक आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फिरत असे. त्यातल्या ‘साराटोगा’ जहाजावर ब्रिज होता. तू रोज लिहीत जा, बाकीचे मी पाहतो, असे हॉथॉर्नने त्याला सांगितले. त्या दैनंदिनीवर हात फिरवून त्याने १८४५ मध्ये ‘जर्नल ऑफ ॲन आफ्रिकन क्रूझर’ हे पुस्तक सिद्ध केले.

ह्या आफ्रिकेच्या फेरीत ब्रिजला एक बोडनचाच मनुष्य भेटला, त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जॉन ब्राउन रस्वर्म हा जमेकात जन्मलेला कृष्णवर्णी तरुण त्यांच्या मागच्या, १८२६ च्या वर्गात होता. अमेरिकेत कॉलेजची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी तो एक. तो गावाबाहेर एका सुताराच्या घरी राही. हॉथॉर्न आणि ब्रिज त्याच्याकडे काही वेळा जाऊन बसले. पण रंगाच्या संकोचामुळे तो कधी त्यांच्या खोलीवर आला नाही, असे ब्रिजने लिहिले आहे. ज्यांच्याकडे जायला त्याने पाय उचलला नाही त्यांना त्याने दोष दिला की कॉलेजला, की देशाला, हे आपण समजून घ्यायचे. रस्वर्मने १८२७ मध्ये न्यूयॉर्कला एका सहकाऱ्यासह ‘फ्रीडम्स जर्नल’ हे कृष्णवर्णीयांनी चालवलेले पहिले अमेरिकन वृत्तपत्र काढले. नंतर तो आफ्रिकेत गेला. ब्रिजचे जहाज केप पामसला लागले तेव्हा तिथल्या वसाहतीचा गव्हर्नर म्हणून रस्वर्म समोर उभा होता. सुताराच्या घरची खोली ते गव्हर्नरची कचेरी. मधे उणीपुरी वीस वर्षे.

आता पिअर्सकडे वळायला हवे, आणि इथे ही गोष्ट मित्रप्रेमाची साधी कहाणी राहत नाही.

१८५२ मध्ये पिअर्स अध्यक्षपदासाठी उभा राहिला. ‘स्कार्लेट लेटर’ दोन वर्षांपूर्वीच निघाली होती आणि हॉथॉर्न आता देशातला मोठा लेखक होता. त्याने निवडणुकीसाठी पिअर्सचे चरित्र लिहिले. अमेरिकेत तेव्हा एकच प्रश्न पेटला होता, गुलामगिरीचा. पिअर्स उत्तरेचा असून दक्षिणेच्या मळेवाल्यांना न दुखवता संघराज्य टिकवावे ह्या मताचा. हॉथॉर्नने त्या मताची तरफदारी केली. पिअर्स निवडून आला आणि हॉथॉर्नला लिव्हरपूलचे वाणिज्यदूतपद मिळाले. मिळकतीच्या दृष्टीने ते उत्तम पद होते. १८५४ मध्ये पिअर्सच्या सहीने जो कॅन्सस-नेब्रास्काचा कायदा झाला, त्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी केली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये पकडलेल्या अँथनी बर्न्स ह्या पळून आलेल्या गुलामाला मालकाकडे परत धाडण्यासाठी पिअर्सच्या सरकारने फौज वापरली.

आणि हे सारे चालले असता देशभर ‘अंकल टॉम्स केबिन’ वाचली जात होती. ती लिहिली गेली कुठे? ब्रन्सविकमध्ये! लेखिका हॅरिएट बीचर स्टो ह्यांचे पती कॅल्व्हिन स्टो तेव्हा बोडनला प्राध्यापक होते, आणि ते पदवीधर होते १८२४ चे, म्हणजे पिअर्सच्याच वर्गातले. एकाच बाकावरून उठलेल्या दोघांपैकी एकाच्या सरकारकडून गुलामांची धरपकड व्हावी आणि दुसऱ्याच्या घरात तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा आवाज उठावा! लाँगफेलोने तर १८४२ मध्येच गुलामगिरीविरुद्ध कवितांचे एक लहानसे पुस्तक काढले होते. पंचवीस सालच्याच वर्गातला जॉर्ज चीव्हर हा धर्मोपदेशक गुलामगिरीविरुद्ध आग ओकत असे. हे गृहस्थ जन्मजात भांडखोर. १८३५ मध्ये सेलमच्या एका दारूभट्टीवाल्यावर त्यांनी रूपककथा लिहिली आणि अब्रूनुकसानीबद्दल महिनाभर तुरुंगात बसून आले. मदिरेच्या पिंपाची पैज लावणाऱ्यांचा हा सहाध्यायी!

१८६३ साल उजाडले. यादवी युद्ध ऐन भरात होते. त्या ४ जुलैला पिअर्सने भर सभेत युद्धाविरुद्ध भाषण केले आणि त्याच सुमारास गेटिसबर्गच्या विजयाची बातमी येऊन थडकली. उत्तरेत पिअर्सचे नाव घेणे म्हणजे देशद्रोह्याचे नाव घेणे झाले. नेमके तेव्हाच हॉथॉर्नचे इंग्लंडवरचे ‘अवर ओल्ड होम’ हे पुस्तक छापून निघत होते आणि ते त्याने फ्रँकलिन पिअर्सला अर्पण केले होते. प्रकाशक फील्ड्स कळवळून सांगत होता, हे नाव काढ, पुस्तक मरेल. हॉथॉर्नने ऐकले नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, हे पुस्तक त्याच्यामुळे घडले आहे. त्याच्या नावाने ते बुडणार असेल तर त्याला माझी गरज अधिकच आहे. इमर्सनने आपल्या प्रतीतून अर्पणाची पाने कापून काढली असे सांगतात.

मला ह्यावर माझे मत दिलेच पाहिजे. पिअर्सचे चरित्र लिहिणारा हॉथॉर्न मला आवडत नाही. तिथे मित्रासाठी त्याने लाखो माणसांच्या बेड्यांकडे पाठ फिरवली आणि त्याचा मोबदलाही त्याला मिळाला. पण अर्पणपत्रिका लिहिणारा हॉथॉर्न निराळा. इथे मिळायचे काही नव्हते, गमवायचे सर्व होते. तरीही मन पुरते शांत होत नाही. ‘अवर ओल्ड होम’नंतर दहाच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले. दोन अर्पणपत्रिका मी शेजारी शेजारी ठेवतो. जोतीरावांच्या मनातल्या त्या लोकांत स्टोबाई बसतात, लाँगफेलो बसतो, चीव्हर बसतो. पिअर्स बसत नाही, आणि हॉथॉर्नलाही तिथे जागा देता येत नाही. एक अर्पणपत्रिका न्यायाला, दुसरी मित्राला. पहिली थोर आहे ह्यात शंका नाही. पण दुसरीही मला कापून टाकवत नाही.

कारण ह्या दोघांमध्ये आणखी काही होते. पिअर्सला तीन मुले झाली आणि तिन्ही गेली. शेवटचा बेनी अकरा वर्षांचा, अध्यक्षपदाची शपथ घेण्याआधी दोन महिने, १८५३ च्या जानेवारीत, रेल्वेच्या अपघातात आईबापांच्या डोळ्यांदेखत गेला. पुढे १८५९ मध्ये रोममध्ये हॉथॉर्नची थोरली मुलगी उना हिवतापाने मरणाच्या दारी पोचली, तेव्हा योगायोगाने पिअर्स तिथे होता. त्याने उपदेश केला नाही. रोज यायचा, मित्राला बाहेर काढून रस्त्यांतून चालवायचा. असे चालवणारा कोण आहे हे हॉथॉर्न जाणून होता. उना वाचली.

१८६३ च्या डिसेंबरात पिअर्सची पत्नी वारली. हॉथॉर्नची स्वतःची प्रकृती ढासळली होती, तरी तो गेला. कडाक्याच्या थंडीत, थडग्याच्या काठाशी उभे असताना, दुःखात बुडालेल्या पिअर्सने मध्येच वळून हॉथॉर्नच्या कोटाची कॉलर वर करून दिली. त्याला वारा लागू नये म्हणून.

पुढच्या मे महिन्यात पिअर्स त्याला हवापालटासाठी न्यू हॅम्पशरच्या डोंगरांकडे घेऊन निघाला. १८ मे १८६४ ला ते प्लिमथ गावच्या हॉटेलात उतरले. दोघांच्या खोल्यांमधले दार पिअर्सने उघडेच ठेवले. पहाटे तीन-चारच्या सुमारास तो उठून पाहायला गेला. हॉथॉर्न कुशीवर निजलेला, झोपताना होता तसाच. कपाळाला हात लावला तेव्हा कळले. दोन दिवसांनी पिअर्सने ही सारी हकीकत पत्राने कळवली, ती वॉशिंग्टनला ब्रिजला. १८२१ च्या त्या गाडीतला एक सिली, तो द्वंद्वात गेलेला. एक हॉथॉर्न, तो असा गेला. आणि कळवायचे कुणाला, तर पैजेचा कागद जपणाऱ्याला. कॉन्कॉर्डला अंत्यविधी झाला. दुर्गाबाई भागवतांनी थोरोचे ‘वॉल्डन’ मराठीत आणल्यापासून हे गाव आपल्याला परके नाही. थोरो जिथे विसावला त्याच स्लीपी हॉलो दफनभूमीत हॉथॉर्नला ठेवले. लाँगफेलो होता, इमर्सन होता, पिअर्सही होता. लाँगफेलोने मित्रावर कविता लिहिली. पिअर्स १८६९ मध्ये वारला.

मग १८७५ चा जुलै आला. वर्गाला पन्नास वर्षे झाली. हयात होते त्यांतले बहुतेक म्हातारे ब्रन्सविकला जमले. चीव्हर आला. नेपोलियनच्या चरित्रामुळे नाव झालेला जॉन ॲबट आला. लाँगफेलो अडुसष्ट वर्षांचा; दाढी पांढरी शुभ्र. ती दाढीही दुःखाचीच. १८६१ मध्ये पत्नीच्या झग्याने पेट घेतला, ती विझवताना त्याचा चेहरा भाजला, आणि तेव्हापासून त्याने वस्तरा लावला नाही. सभेत उभे राहून कविता वाचणे त्याला आयुष्यभर नकोसे वाटे. परंतु ह्या दिवसासाठी त्याने नवी दीर्घ कविता रचली होती. तिचे नाव लॅटिन, रोमच्या आखाड्यात मरायला उतरणारे योद्धे सम्राटाला जो मुजरा करत असे सांगतात त्यावरून घेतलेले: ‘मोरितुरी सालुतामुस’, म्हणजे ‘मरणोन्मुख आम्ही वंदन करतो’.

गावातल्या चर्चमध्ये त्याने ती वाचली. ज्यांच्या हाताखाली ही मंडळी शिकली, त्यांपैकी एकच गुरुजी, पॅकर्ड, हयात होते आणि समोर बसलेले होते. कवितेत गेलेल्या सर्व शिक्षकांना वंदन आहे आणि राहिलेल्या त्या एकाला निराळे. गेलेल्या सहाध्यायांची आठवण आहे. तरुण विद्यार्थ्यांना बोल आहेत. पण सर्वांत मोठा भाग म्हाताऱ्यांसाठी आहे. केटोने ऐंशीव्या वर्षी ग्रीक शिकायला घेतली, सोफोक्लिसने उतारवयात नाटक लिहिले, गटेने ‘फाउस्ट’ ऐंशी उलटल्यावर पुरा केला, अशी उदाहरणे तो समोरच्या पांढऱ्या डोक्यांना देतो. मी स्वतः आता त्या वयाचा आहे, म्हणून सांगतो: उदाहरणांनी मला फारसा धीर आला नाही. गटे होता तो गटे होता. मला आवडतो तो ह्या सगळ्यामागचा प्रकार. हार्वर्डचा निवृत्त प्राध्यापक, युरोपात राजेरजवाड्यांनी भेटीला बोलावलेला कवी, न आवडणारे काम करायला, जुलैच्या उन्हात, त्या लहान गावी आला. कारण बोलावणे वर्गाचे होते.

लाँगफेलो १८८२ मध्ये गेला. ब्रिज शेवटी नौदलाच्या एका खात्याचा प्रमुख होऊन निवृत्त झाला आणि आठवणी लिहायला बसला. त्या पुस्तकात पैजेचा करार आहे, सिलीची पत्रे आहेत, पिअर्सचे ते पहाटेचे पत्र आहे. अडीचशे डॉलरच्या हमीची गोष्ट त्याने जेवढ्यास तेवढी सांगितली. पुस्तक निघाले त्याच वर्षी ब्रिज वारला. त्या वर्गातला जेम्स ब्रॅडबरी, एकेकाळचा मेनचा सेनेटर, १९०१ च्या जानेवारीपर्यंत जगला आणि अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन गेला.